मोहोर आणि शिक्का

अन्न बिघडण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची टंचाई नाही. दूध नासते, भात आंबतो, भाजी कुजते, भाकरीला बुरा येतो, लोणी खवट होते. पण याच भाषेत लोणचे मुरते, इडलीचे पीठ फुगून येते, दही लागते, फळ पिकते. क्रिया पाहिली तर दोन्हीकडे सूक्ष्म जीवांचा किंवा काळाचाच हात असतो. वेगळा असतो तो आपला निवाडा. ही क्रियापदे वर्णन करीत नाहीत, निकाल देतात. जे हवे ते मुरले, नको ते नासले.

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातले कामांबेर हे चीज (आपल्याकडे इंग्रजी वळणाने त्याला कॅमेम्बर्ट म्हणतात) मला या निकालांमुळेच अभ्यासाचा विषय वाटत आले आहे. तळहाताएवढी चपटी वडी, आत लोण्यासारखा पिवळसर मऊ गर आणि वर पांढऱ्या बुरशीचे मखमली आवरण. आपली आजी हे पाहून 'बुरा आलाय, टाकून दे' म्हणाली असती. फ्रेंच माणूस त्या आवरणाला 'क्रूत फ्लरी' म्हणतो. शब्दशः अर्थ फुललेली साल. आंब्याला यावा तसा मोहोर चीजला आला, असे त्याच्या भाषेचे म्हणणे आहे. आपल्या मराठीत मोहोर या शब्दाला दुसराही अर्थ आहे, तो म्हणजे शिक्का. या चीजचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या दोन अर्थांमधल्या ओढाताणीचा आहे.

वाङ्मयीन अंकात चीज कशाला, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. कामांबेरवर कादंबरीकाराने लिहिले, शिल्पकाराने पुतळा घडवला, न्यायालयाने निकाल दिला आणि समाजशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहिला. ज्या वस्तूवर एवढे लिहिले जाते ती समीक्षेच्या टप्प्यात येते. या लिखाणांतून परंपरा या शब्दाचे जे अर्थ निघतात, ते मला तपासायचे आहेत.

त्याआधी वस्तू कशी होते ते सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे भांडण तिथेच आहे. पारंपरिक पद्धतीत न तापवलेले, कच्चे दूध घेतात. एका वडीला सव्वादोन लिटरच्या आसपास दूध लागते. त्यात रेनेट घालून ते गोठवतात. हे रेनेट वासराच्या जठरातून मिळते, त्यामुळे काटेकोर शाकाहारी माणसाला हे चीज चालणार नाही. गोठलेले दूध न मोडता मोठ्या पळीने उचलून भोके असलेल्या साच्यात ओततात. एकदम नव्हे, निदान पाच वेळा आणि दोन पळ्यांच्या मध्ये थांबून. श्रीखंडाच्या चक्क्याचे पाणी जसे स्वतःच्या भाराने गळते तसे इथेही गळू देतात. पुढे मीठ, मग थंड, दमट खोली आणि किमान तीन आठवड्यांची वाट.

त्या तीन आठवड्यांत बुरशी काम करते. ती पृष्ठभागावरचे आम्ल खाऊन टाकते, प्रथिने फोडते, आणि चीज बाहेरून आत मऊ होत जाते. कोवळी वडी कापली तर मध्ये खडूसारखा पांढरा, ठिसूळ थर दिसतो. पूर्ण मुरली की तो थर नाहीसा होतो. फार पुढे गेली तर गर वाहू लागतो आणि अमोनियाचा भपका येतो. साल्वादोर दाली याने 1931 साली वितळती घड्याळे रंगवली, तेव्हा वाहत्या कामांबेरवरून ती सुचल्याचे त्याने स्वतःच सांगितले आहे. काळ मऊ होऊन ओघळतो ही कल्पना ज्याला चीजवरून सुचली, त्याने ते चीज नीट पाहिले होते एवढे मात्र खरे.

आता पहिला पाठ, एमिल झोला यांच्या 1873 सालच्या 'ल व्हांत्र द पारी' म्हणजे 'पॅरिसचे पोट' या कादंबरीचा. पॅरिसच्या मोठ्या मंडईत कैदेतून पळून आलेला फ्लोरां हा माणूस आश्रय घेतो. एका प्रसंगी चीजच्या गाळ्यापाशी तीन बायका जमतात, त्यातल्या एकीने त्याचे गुपित हुडकून आणलेले असते. कुजबुज वाढत जाते तसतसे झोला एकेका चीजचा वास त्या कुजबुजीत मिसळत जातात. कामांबेर, ब्री, लिव्हारो अशी नावे वाद्यवृंदातल्या वाद्यांसारखी येतात. निंदा आणि दुर्गंध एकजीव होतात.

हा प्रसंग जगभर वाखाणला गेला आहे, आणि वर्णनशक्ती म्हणून तो आहेच तसा. तरी माझा एक आक्षेप आहे. झोलांना चीजचा वास ठाऊक आहे, पण त्यामागचा हात त्यांच्या दृष्टीआड आहे. मंडईत चीज येते ते तयार प्रतीक म्हणून. सोज्ज्वळ म्हणवणाऱ्या समाजाच्या आतली सडांध दाखवायची म्हणून चीजने सडायचे. म्हणजे 'मुरणे' हे क्रियापद बाजूला सारून लेखकाने 'कुजणे' निवडले. फ्लोरांवर त्या बायका अन्याय करतात, आणि तसाच काहीसा अन्याय लेखकाकडून चीजवर होतो.

पण साक्षीदार म्हणून झोला मोलाचे आहेत. त्यांच्या पानांत कामांबेरला शिकारीच्या मांसासारखा उग्र दर्प आहे, आणि तो इतर दांडग्या चीजवरही मात करतो. आज दुकानात मिळणारे बहुतेक सौम्य, गोरेगोमटे कामांबेर हुंगून या वर्णनावर विश्वास बसणार नाही. म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदलले. हा धागा हाती ठेवू या.

दुसरा पाठ पुतळ्याचा. व्हिमूतिए या गावात मारी आरेल हिचा पुतळा आहे. कथा अशी, की फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1791 च्या सुमारास, नव्या राजवटीची शपथ घ्यायला नकार देणारा एक धर्मगुरू या शेतकरी बाईच्या आसऱ्याला आला. तो ब्री प्रांताकडचा होता. जीव वाचवल्याच्या बदल्यात त्याने तिला आपल्याकडची चीजची रीत सांगितली आणि कामांबेर जन्मले. मारी आरेल ही बाई खरोखर होऊन गेली. 1863 साली तिच्या नातवाने, व्हिक्टर पेनेल याने, तिसऱ्या नेपोलियनला हे चीज चाखायला दिले आणि त्यानंतर ते राजवाड्यात जाऊ लागले, असेही सांगतात. त्याच सुमारास रेल्वे आली, पॅरिस जवळ आले. 1890 च्या सुमारास पातळ लाकडाची गोल डबी आली आणि मऊ वडी न मोडता दूरवर जाऊ लागली.

मग अडचण कुठे आहे? अडचण 1708 साली छापलेल्या एका भौगोलिक कोशात आहे. नाटककार पिएर कोर्नेय यांचे धाकटे बंधू तोमा कोर्नेय यांनी तो रचला. त्यात व्हिमूतिएच्या बाजाराची नोंद आहे, आणि तिथे लिव्हारो व कामांबेर या गावांची उत्तम चीजे येतात असे म्हटले आहे. म्हणजे मारी आरेलच्या जन्माच्या, 1761 सालच्या, अर्धशतक आधीपासून कामांबेर गावचे चीज नावाजलेले होते.

कथेला राष्ट्रीय वजन आले तेही परक्या माणसामुळे. 1926 साली जोसेफ क्निरिम नावाचा अमेरिकन डॉक्टर व्हिमूतिएला आला. या चीजने आपले पोटाचे दुखणे बरे केले अशी त्याची श्रद्धा होती. मारी आरेलचे स्मारक व्हावे म्हणून त्याने पैसे पुढे केले. 1928 साली माजी राष्ट्राध्यक्ष अलेक्झांद्र मिलरां यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. जून 1944 मध्ये दोस्तांच्या बाँबवर्षावात गाव उद्ध्वस्त झाले आणि पुतळ्याचे शिर उडाले. 1953 सालचा नवा पुतळा आला तो ओहायो राज्यातल्या व्हॅन वर्ट येथील चीज कारखान्याच्या कामगारांच्या देणगीतून. त्या कारखान्यातही कामांबेर बनत असे! ज्या नावाच्या मूळपणासाठी नॉर्मंडीचे लोक भांडत होते, त्या नावाच्या आद्य जननीचा पुतळा नक्कल करणाऱ्यांनी उभारून दिला. इतिहासाचा विनोद कधी कधी असा सरळ चेहऱ्याने येतो.

ही सारी गुंतागुंत उलगडून दाखवणारा ग्रंथ म्हणजे पिएर बुआझार या समाजशास्त्रज्ञांचा 'कामांबेर : एक राष्ट्रीय मिथक'. मूळ फ्रेंच 1992 सालचा, इंग्रजी अनुवाद 2003 चा. मी तो अनुवादातून वाचला. ही दंतकथा का टिकली, याचे त्यांनी दिलेले उत्तर मला पटते. कथेत राजनिष्ठ जुन्या फ्रान्सचा धर्मगुरू आहे आणि नव्या फ्रान्सची कष्टकरी बाई आहे. क्रांतीने ज्यांना एकमेकांचे वैरी केले ते दोघे एका वडीपाशी समेट करतात. देशाला अशी गोष्ट हवी होती. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या शिध्यात हे चीज गेले आणि देशभरच्या तरुणांच्या जिभेवर एकच चव बसली, ही त्यांची मांडणीही मोलाची आहे.

पण दंतकथा फोडून झाल्यावर वाचकाच्या हाती काय उरते, या प्रश्नाशी मी अडखळलो. सगळेच जर रचलेले, तर कच्च्या दुधाचा हट्ट धरणारा नॉर्मंडीचा शेतकरी कशाच्या आधारावर उभा राहायचा? मिथक उघडे पाडणारी समीक्षा सर्वांत आधी उपयोगी पडते ती बलवानाला. 'परंपरा वगैरे काही नसतेच' हे वाक्य शेतकऱ्यापेक्षा कारखानदाराच्या फायद्याचे असते. बुआझार यांचा हा हेतू नाही. तरी त्यांच्या पद्धतीचा हा धोका आहे आणि तो नोंदवला पाहिजे.

तिसरा पाठ सालीचाच आहे आणि तो अलीकडे वाचला गेला. एकोणिसाव्या शतकातले कामांबेर पांढरे नव्हते. साल निळसर करडी असे, तिच्यावर तांबूस ठिपके असत. खोलीत, लाकडात, गवतात जी बुरशी असेल ती बसे. झोलांचा उग्र दर्प त्या काळचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चर यांच्या परंपरेतील प्रयोगशाळांच्या मदतीने पांढरी शुभ्र बुरशी निवडून ती उत्पादकांना पुरवली जाऊ लागली. 1906 साली चार्ल्स थॉम या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिला पेनिसिलियम कामांबेर्ती असे नाव दिले. हळूहळू निळी साल म्हणजे दोष आणि पांढरी म्हणजे शुद्ध असे ठरले. ज्या पांढरेपणाला आज सनातन म्हणतात त्याचे वय जेमतेम शतकाचे आहे.

पुढची गोष्ट अधिक गंभीर. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले, की जगभरच्या कामांबेरवरची ही पांढरी बुरशी एकाच वाणाची हुबेहूब प्रत आहे. कलमाचे कलम, त्याचे कलम, अशी ती शंभर वर्षे वाढवली गेली. तिच्यात संकर होत नाही आणि आता तिला बीजाणूही नीट धरेनासे झाले आहेत. 2024 च्या जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने हा धोका लोकांपुढे मांडला, तेव्हा वर्तमानपत्रांनी कामांबेर नामशेष होणार अशी आवई उठवली. तसे होणार नाही. तिची जवळची नातलग, पेनिसिलियम बिफोर्मे, अजून विविधता राखून आहे. पण ती वापरायची तर खाणाऱ्याने सालीवर थोडी करडी-निळी छटा सोसली पाहिजे.

इथे मला आपल्या घरातले विरजण आठवते. आपल्या दुभाषी गावांत विरजण संपले की वाटी घेऊन शेजारी जायची रीत. कानडी शेजारीण त्याला हेप्पु म्हणते, आपण विरजण म्हणतो. दही दोन्ही घरी लागते. त्या वाटीत एकच एक जिवाणू नसतो, मोठा मेळा असतो. उन्हाळ्यात एक वरचढ होतो, थंडीत दुसरा. म्हणून दही रोज किंचित वेगळे लागते आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या चालते. कामांबेरची पांढरी बुरशी या उलट. ती कधीच वेगळी लागू नये म्हणून निवडली आणि त्या हट्टानेच अशक्त झाली.

चौथा पाठ लेबलाचा. 1909 साली नॉर्मंडीच्या उत्पादकांनी 'खऱ्या' कामांबेरचा संघ स्थापन केला. आपले नाव आपल्याच प्रांतापुरते राखावे ही त्यांची मागणी. 1926 साली ओर्लेआंच्या न्यायालयाने ती फेटाळली. कामांबेर हे नाव आता सामान्यनाम झाले आहे, कोणीही वापरावे! म्हणूनच आज भारतात बनलेल्या चीजच्या डबीवरही हे नाव दिसते. पुढे 1983 साली 'कामांबेर द नॉर्मंदी' या पूर्ण नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. कच्चे दूध, पळीने भरणे, गायींना चराई आणि 2017 पासून कळपात निम्म्या तरी नॉर्मांद जातीच्या गायी, अशा अटी आल्या. ब्री मात्र आपल्या गावांच्या नावाने वाचली. ब्री द मो आणि ब्री द मलँ या दोघींना 1980 सालीच संरक्षण मिळाले होते; नुसते 'ब्री' तेवढे मोकाट राहिले.

नावाच्या कुंपणाला फट होती. पाश्चरीकृत दुधाच्या डब्यांवर 'नॉर्मंडीत बनवलेले कामांबेर' असे छापले जाई. 'नॉर्मंडीचे' आणि 'नॉर्मंडीत बनवलेले' यांतला फरक व्याकरण जाणणाऱ्याला कळतो, घाईच्या गिऱ्हाइकाला नाही. या दुसऱ्या प्रकारचे उत्पादन पहिल्याच्या सुमारे दहापट होते. 2007 साली लाक्तालिस ही बलाढ्य कंपनी आणि इझिन्यीची सहकारी डेअरी यांनी दुधावर प्रक्रिया करू देण्याची मागणी केली. कारण दिले आरोग्याचे. ते खोटे म्हणता येणार नाही. कच्च्या दुधाच्या मऊ चीजमध्ये लिस्टेरियासारख्या जंतूंचा धोका असतो आणि गरोदर स्त्रियांना ते वर्ज्य सांगतात. पण छोटे उत्पादक हाच धोका रोजच्या तपासण्यांनी आणि स्वच्छतेने सांभाळत आले आहेत. त्या वेळी कच्च्या दुधाची अट टिकली. 2018 साली पुन्हा समझोता झाला, की पाश्चरीकृत दुधालाही संरक्षित नावाखाली घ्यावे आणि कच्च्या दुधाच्या चीजला 'अस्सल' असे वेगळे बिरुद द्यावे. आचारी, लेखक, शेतकरी खवळले. 2020 साली उत्पादकांनी मतदान करून तो समझोता फेटाळला. त्याच वर्षी सरकारने कळवले, की 2021 पासून ते फसवे 'नॉर्मंडीत बनवलेले' लेबलावर चालणार नाही.

या चार पाठांतून मी एका निष्कर्षावर येतो. परंपरेचा बचाव दोन प्रकारे करता येतो. एक, 'हे फार जुने आहे' म्हणून. दोन, 'हे असे करतात' म्हणून. पहिला बचाव ऐकायला भारदस्त वाटतो, पण 1708 सालच्या कोशातली एक ओळ त्याला पुरे होते. पांढऱ्या सालीचे वय मोजले की तो पडतो. दुसरा बचाव साधा आहे आणि कष्टाचा आहे. पाच पळ्या, तीन आठवडे, कच्चे दूध, चरणारी गाय. ही रीत 1791 ची आहे की 1891 ची, याने तिच्या चवीत फरक पडत नाही. ती आज सकाळी पाळली गेली की नाही, याने पडतो. 2020 सालच्या मतदानात उत्पादकांनी मारी आरेलचा पुतळा वाचवला नाही, पळी वाचवली. म्हणून तो निर्णय मला पुतळ्यापेक्षा मोठा वाटतो.

पण त्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. दुधाबद्दल इतके कडवे असलेले हे लोक बुरशीबद्दल इतके उदासीन कसे? दूध गोठ्यागोठ्याचे वेगळे हवे आणि साल मात्र सगळ्यांची एका प्रयोगशाळेची, ही विसंगती त्यांच्या नियमांत बसून आहे. शुद्धतेचा रंग पांढरा मानण्याची सवय दुधाच्या अटींहून चिवट निघाली. उद्या एखाद्या उत्पादकाने करडी-निळी, ठिपक्यांची, जुन्या वळणाची साल बाजारात आणली, तर तिला बुरा म्हणायचे की मोहोर, हा निवाडा अखेर गिऱ्हाइकालाच करायचा आहे. कायद्याला तो करता येणार नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी परदेशाहून ही लाकडी डबी आली, तर लेबलावर कच्च्या दुधाचा उल्लेख आहे का ते जरूर पाहावे. शिक्क्याला किंमत आहेच. त्याशिवाय छोटा माणूस बाजारात टिकत नाही. पण मग वडी थोडा वेळ बाहेर ठेवून कापावी. मधला खडूसारखा थर गेला आहे का, साल गराला धरून आहे का, वास अळंबीचा आहे की अमोनियाचा, हे पाहावे. शिक्का एकदा उमटला की वर्षानुवर्षे तसाच राहतो. मोहोर मात्र दर हंगामाला नव्याने यावा लागतो.